एका बाटलीच्या नंबरानं वाचली हाफकिन यांची अब्रू

साप चावल्यावर टोचायची लस असो की पोलिओचे डोस, हाफकिन हे नाव आपल्या गावागावांत ऐकलेलं आहे. पण हा माणूस कोण होता, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरची लस तयार केली आणि १८९३ साली ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला. तो पुढं सातारा-सांगलीकडंही पसरला. लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहू लागले. जुन्या माणसांकडून या गोष्टी आपण ऐकल्यात.

हाफकिन यांनी मुंबईत अवघ्या काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा राजी असलेल्या कैद्यांना लस दिली. कुणी टोचून घेतली, कुणी नाही, कोण आजारी पडलं, कोण दगावलं, याची नोंद ठेवली. दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी मांडले, तेव्हाच लसीचा गुण दिसला.

पण १९०२ साली घात झाला. ३० ऑक्टोबरला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले. लोकांचा भरवसा उडाला. हाफकिन यांना दोषी धरून कामावरून दूर केलं.

त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या. गेलेल्या सगळ्या १९ जणांना लस दिली होती ती एकाच बाटलीतून, नंबर ५३-एन. बाकी चार बाटल्यांतली लस घेतलेल्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडल्याची साक्षही कागदावर होती. हेच कागद पुन्हा तपासले गेले. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. ते परत भारतात कामाला आले. १९२५ साली मुंबईच्या परळमधल्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. १९३० साली ते वारले.

नंबर लिहिला नसता, कुणाला कुठल्या बाटलीतली लस दिली हे कळलं नसतं, तर हा कलंक कधीच पुसला गेला नसता. आणि चूक कुठं झाली, हेही समजलं नसतं.

आज आपल्या तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये म्हातारी आई चार दिवस ॲडमिट असते. कुठलं इंजेक्शन, किती वाजता, कुणी दिलं, हे केस पेपरवर त्याच वेळी लिहिलं गेलं पाहिजे. मागाहून आठवून नव्हे. पुढं सातारा-सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना वाट दाखवतो तो हाच कागद.

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार ॲडमिट पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं जपायची असतात आणि पेशंटनं मागितल्यास ७२ तासांत द्यायची असतात. मागायला लाजू नका. डिस्चार्ज कार्ड सातबाऱ्यासारखंच जपून ठेवा. नीट नोंद पेशंटला वाचवते आणि प्रामाणिक डॉक्टरलाही.