यशवंत घाडगे

नाईक यशवंत घाडगे (१६ नोव्हेंबर १९२१ – १० जुलै १९४४) हे दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर धारातीर्थी पडलेले मराठी सैनिक होत. ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्यसन्मान असलेला व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

त्यांचा जन्म तत्कालीन कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे झाला. ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक या हुद्द्यावर होते.

पराक्रम

१९४४च्या उन्हाळ्यात दोस्त सैन्य रोम मागे टाकून उत्तरेकडे सरकत होते, तर जर्मन सैन्य तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील डोंगराळ मुलखात चिवट प्रतिकार करीत होते. १० जुलै रोजी घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यात ते स्वतः वगळता सर्व जण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच मशीनगनच्या रोखाने धावले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन व ती चालवणारा सैनिक यांचा निकाल लावला, आणखी एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलण्यास वेळ उरला नव्हता. तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी ठार केले. मोर्चा हाती आला. परंतु शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून त्यांनी तेथेच प्राण सोडला. त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते.

पदके

व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा २ नोव्हेंबर १९४४ रोजी लंडन गॅझेटमध्ये झाली. हे पदक एकट्याच्या शौर्याचे. मोहिमेच्या पदकाचे तसे नसते. मोहिमेत लढलेला प्रत्येक सैनिक त्यास पात्र असतो, मग त्याचा पराक्रम कोणी पाहिलेला असो वा नसो. इटलीतील मोहिमेसाठी 'इटली स्टार' हा सहा टोकांचा तारा १९४५ मध्ये, म्हणजे घाडगे यांच्या मृत्यूनंतर, सुरू झाला. त्याच्या फितीवर इटलीच्या ध्वजातील लाल, पांढरा व हिरवा हे रंग आहेत. या मोहिमेत ५०,००० हून अधिक भारतीय सैनिक उतरले आणि ५,७८२ मृत्युमुखी पडले. त्यांपैकी फारच थोड्यांची नावे शौर्यपदकांच्या यादीत आहेत. याच रेजिमेंटचे नामदेव जाधव यांनाही इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते मात्र युद्धातून जिवंत परतले.

स्मारके

इटलीतील कॅसिनो स्मारकावर घाडगे यांचे नाव कोरलेले आहे. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतील पेरुजा प्रांतातील मोंतोने या गावी त्यांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले.