आमच्या देव्हाऱ्यातले विष्णुपंत

स्मरणिका समितीने फर्मावले की, काका, जुन्या काळच्या एखाद्या मोठ्या नटाच्या गाजलेल्या चित्रपटांवर लिहा. तीन-चार नावे डोळ्यांपुढे आली. पण आपण राहतो नवलाख उंबऱ्यात. गाडी काढली की भंडारा डोंगर आणि देहू अर्ध्या-पाऊण तासात. मग दुसरे कोण आठवणार? विष्णुपंत पागनीस!

नव्या पिढीला नाव माहीत नसेल, पण चेहरा नक्की माहीत आहे. तो कसा, ते शेवटी सांगतो.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ चा. उमेदीची वर्षे रंगभूमीवर गेली. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करत. ‘स्वदेश हितचिंतक’ नाटक मंडळीत विष्णुपंतही लुगडे नेसून उभे राहत. गळा गोड, चेहरा सात्त्विक. भजन गाण्यात त्यांचा हातखंडा. पण चाळिशी उलटली तरी सिनेमाच्या जगात त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते.

कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली ‘प्रभात’ कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तोच तिचा स्टुडिओ. तिथे दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ करायला घेतला. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. तुकोबांसाठी पागनिसांचे नाव निघाले तेव्हा दामले राजी नव्हते, असे सांगतात. जन्मभर बायकांच्या भूमिका केलेला माणूस, त्याच्या हालचालींत तो नाजूकपणा येणारच, ही शंका. आणि तो आलाच! पण तोच कामी आला. पागनिसांचा तुकोबा कुणावर आवाज चढवत नाही, छाती पुढे काढत नाही. शिव्या खातानाही चेहऱ्यावरची मऊ रेघ हलत नाही. हाती टाळ घेतले की हा माणूस नट आहे हेच आपण विसरतो.

चित्रपट १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षाहून जास्त चालला. १९३७ साली इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तिकडच्या लोकांना ना मराठी येत होते, ना विठोबा ठाऊक होता. तरी त्यांना तो भिडला.

एक सांगायलाच हवे. पागनीस एकटे नव्हते. जिजाईचे काम करणाऱ्या गौरीबाई मुळात स्टुडिओत साधी कामे करणाऱ्या. लेकरू आजारी पडल्यावर विठ्ठलावर वहाण उगारणारी जिजाई त्यांनी अशी उभी केली की आपल्याच आळीतली बाई वाटावी. सालोमालो झालेले भागवतही तसेच बेरकी. समोर असा संसार आणि असा मत्सर आहे म्हणून पागनिसांची शांती खरी वाटते. आणखी एक गंमत. ‘आधी बीज एकले’ हे त्यातले गाणे लोक आजही तुकोबांचा अभंग समजतात. ते लिहिले शांताराम आठवल्यांनी.

एवढ्या यशानंतर काय झाले? प्रेक्षकांनी पागनिसांना दुसरे काही होऊच दिले नाही. १९३९ मध्ये रणजितचा ‘संत तुलसीदास’, १९४० मध्ये प्रकाश पिक्चर्सचा ‘नरसी भगत’, मग १९४३ मध्ये ‘महात्मा विदुर’. सगळे भक्त, सगळे साधू. चित्रपट चांगले, गाणीही गोड. पण लोक पाहायला जात ते तुकोबांनाच. त्याच १९४३ साली, पन्नाशी नुकती ओलांडलेली असताना, विष्णुपंत गेले. ‘तुकाराम’नंतर जेमतेम सात वर्षे मिळाली. एखाद्या नटाला हे वरदान म्हणायचे की शिक्षा? मला अजून ठरवता आलेले नाही.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो लहानपणी, जत्रेतल्या तंबूत. आजीने आत जाताना चपला बाहेर काढल्या, आणि पडद्यावर तुकोबा दिसताच हात जोडले. मी हसलो, तर पाठीत धपाटा बसला.

पुढे बँकेत लागलो. छत्तीस वर्षे लोकांची कर्जाची कागदपत्रे लोखंडी कपाटात जपली. कर्जखते इंद्रायणीत बुडवणाऱ्या तुकोबांशी आमचे जमायचे कसे! वसुलीला एखाद्या शेतकऱ्याच्या दारात उभा राहिलो आणि भिंतीवर तुकोबांची तसबीर दिसली की नजर खाली जायची. नोटीस मात्र देऊनच यायचो. नोकरी होती.

आणि आता तो चेहरा. आजीच्या देव्हाऱ्यात तुकोबांचा एक चौकटीतला फोटो होता. वारसाहक्काने तो माझ्याकडे आला. निवृत्तीनंतर एकदा चित्रपट पुन्हा पाहिला, नि लक्षात आले की चौकटीतले तुकोबा म्हणजे विष्णुपंत! घरोघरच्या कितीतरी तसबिरींत, कॅलेंडरांत हेच झाले आहे. तुमच्याही घरी असेल, बघा.

सौ. म्हणाली, नटाचा फोटो आहे, तर काढून ठेवू या का? मी दोन दिवस विचार केला. आजीने त्याला पन्नास वर्षे फुले वाहिली होती. ज्या माणसाने आपला चेहरा पूर्ण रिकामा करून तुकोबांना दिला, त्याला बाहेर कसे काढायचे? फोटो आहे तिथेच आहे. सकाळी दिवा लावताना मी आता दोघांनाही नमस्कार करतो.

कमिटीला विनंती एवढीच की, रौप्यमहोत्सवात एक संध्याकाळ गच्चीवर पडदा बांधून ‘संत तुकाराम’ लावावा. सतरंज्यांची जबाबदारी माझी. चपला जिन्यातच काढाव्यात.