दुष्काळी तलावापासून जल आयोगापर्यंत

14 एप्रिलच्या जयंतीची तयारी वस्त्यावस्त्यांत सुरू असते, त्याच धामधुमीत 5 एप्रिल येतो आणि जातो. आमच्यापैकी फार थोड्यांना या तारखेचे महत्त्व ठाऊक असते. 5 एप्रिल 1945 रोजी देशातील नद्यांच्या नियोजनासाठी केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. त्या वेळी हा विषय ज्यांच्या खात्यात होता, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. चवदार तळ्याचे बाबासाहेब आम्ही जाणतो, घटनेचे शिल्पकार बाबासाहेब आम्ही जाणतो. पण शास्त्रीय ज्ञान सरकारच्या निर्णयात कसे उतरवावे, हे करून दाखविणारे बाबासाहेब आम्ही अजून पुरते वाचलेले नाहीत.

या कामाचे मूळ शोधायचे तर साताऱ्यात यावे लागते. लष्करातून निवृत्त झाल्यावर सुभेदार रामजी कुटुंबासह साताऱ्यात आले. माता भीमाबाईंचे निधन येथेच झाले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, पटावर चढले. रामजी त्या सुमारास खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियर होते. दुष्काळाने माणसे मरत होती आणि त्यांना काम देण्यासाठी सरकारने तेथे तलावाचे काम काढले होते.

1901 च्या उन्हाळ्यात भिवा, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर त्यांची जात कळली आणि कोणी गाडीत बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून मुले निघाली. वाटेत त्यांना कोणी पाणी दिले नाही. जवळ खायला असूनही पाण्यावाचून ती रात्र उपाशी गेली. हा प्रसंग आमच्या घराघरांत सांगितला जातो. मात्र ही मुले चालली होती ती तलावाच्याच कामावर, ही गोष्ट सांगताना निसटून जाते. पाणी नाही म्हणून माणूस मरतो आणि पाणी असूनही ते त्याला मिळत नाही, हे दोन्ही त्या मुलाने एकाच प्रवासात पाहिले. सरकारी धोरण तलावापर्यंत पोहोचले होते, तहानलेल्या पोरापर्यंत पोहोचले नव्हते.

पुढे कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे त्यांनी अर्थशास्त्र कोळून प्यायले. 1918 साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. शेतीचे दुखणे केवळ जमिनीच्या आकारात नाही. शेतीवर जगणारी जादा माणसे उद्योगात गेल्याशिवाय ते बरे होणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डिसेंबर 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाविषयी साक्ष दिली. ज्याला गाडीत जागा नाकारली गेली, तो माणूस साम्राज्याच्या आयोगाला चलनशास्त्रावर उत्तरे देत होता.

जुलै 1942 मध्ये ते मंत्री झाले. मजुरांच्या प्रश्नांबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. बाबासाहेब अभियंते नव्हते. म्हणून त्यांनी अभियंत्यांसाठी सरकारात कायमची जागा केली. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आले, 1945 मध्ये वर सांगितलेला आयोग आला. आयोगाच्या प्रमुखपदी अभियंते अ. ना. खोसला बसले. 1943 च्या दामोदरच्या महापुरानंतर बंगाल आणि बिहारच्या प्रतिनिधींना बाबासाहेबांनी एका टेबलाशी बसविले. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्यात काम केलेले अभियंते व्होर्डुइन यांनी दामोदरचा प्राथमिक आराखडा केला. पुरावर नुसते बांध घालू नका, संपूर्ण खोरे एक धरा आणि त्यातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक साधा, ही बाबासाहेबांची भूमिका होती. 1918 च्या निबंधातला उद्योग विजेशिवाय उभा राहणार नव्हता, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा 1948 साली झाला.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. धरण कसे बांधावे हे तज्ज्ञ सांगतो. ते कोणासाठी बांधावे हे ठरविण्याची जबाबदारी बाबासाहेबांनी तज्ज्ञावर ढकलली नाही. ती राज्यकर्त्याची असते. शिवाय तज्ज्ञ कोणत्या समाजातून येतो यालाही महत्त्व असते. म्हणूनच 1942 साली सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 मध्ये सुरू झाली. तिच्यावर आमच्या पिढ्या शिकल्या.

आता कृष्णाकाठी या. घटनेच्या कलम 262 ने आंतरराज्य पाणीतंट्यांची सोय केली. त्याच आधारावर झालेल्या 1956 च्या कायद्याखाली 1969 मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला आणि त्याने महाराष्ट्राला कृष्णेचे 560 टीएमसी पाणी दिले. पण महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा सातारा-सांगलीतून वाहत असताना माण, खटाव, आटपाडी, जत कोरडेच राहिले. 1993 पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, समन्यायी पाणीवाटपाची मागणी झाली. टेंभू, म्हैसाळच्या उपसा योजनांनी आता पाणी वर चढले आहे. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या भूमिहीनाच्या वाट्याला त्यातले किती येते? आणि 2005 व 2019 च्या महापुरांनी सांगली बुडाली, तेव्हा संपूर्ण खोऱ्याचा विचार कोठे गेला होता?

हे प्रश्न मोर्चात विचारलेच पाहिजेत. पण त्यांची उत्तरे जेथे लिहिली जातात तेथेही आमची माणसे हवीत. 2005 च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. त्यावर अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्राच्या जाणकारांच्या जागा आहेत. भूजल सर्वेक्षण आहे, जल आयोग आहे. आमची मुले अभियंता होतात, परंतु नोकरी लागली की अभ्यास थांबतो. नदीचा हिशेब, पावसाची आकडेवारी, पाणीपट्टीचे अर्थशास्त्र हे आमच्या अभ्यासवर्गांचे विषय अजून झालेले नाहीत.

यंदा जयंतीची वर्गणी काढताना प्रत्येक मंडळाने एवढे करावे: पाणी, वीज किंवा अर्थशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्या एका मुलीचा किंवा मुलाचा खर्च उचलावा आणि जयंतीचा पहिला कार्यक्रम 5 एप्रिलला घ्यावा. खटावच्या तलावाकडे निघालेला तो मुलगा देशाच्या नद्यांपर्यंत पोहोचला, तो अभ्यासाच्या बळावर. त्याच्या मागून जायचे असेल तर आम्हालाही अभ्यासाला बसावे लागेल.