चेतापेशींचा चित्रकार

उत्तर स्पेनमधील पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात १ मे १८५२ रोजी सान्तियागो रामोन इ काहाल यांचा जन्म झाला. वडील शल्यवैद्य आणि करड्या शिस्तीचे. मुलाला नाद चित्रकलेचा. चित्रांवर पोट भरत नाही, या समजुतीने वडिलांनी त्याला काही काळ न्हाव्याकडे, काही काळ चांभाराकडे उमेदवारीस ठेवले. पुढे त्यांनीच दफनभूमीतली जुनी हाडे दाखवून मुलाला शरीररचना शिकविली. मुलाने ती हाडे कागदावर उतरविली आणि पितापुत्रांचे भांडण मिटण्याची वाट सापडली.

वैद्यकाची पदवी, सैन्यातली नोकरी, क्यूबातील हिवताप हे सारे सोसून काहाल अध्यापनाकडे वळले. मेंदू हे एकसंध जाळे आहे, असे त्या काळी बहुसंख्य विद्वान मानीत. इटलीचे कामिल्लो गोल्जी त्यांचे अग्रणी. गोल्जींनी १८७३ मध्ये शोधलेल्या रीतीत सिल्व्हर नायट्रेटमुळे शेकडोंतील एखादीच पेशी काळी होई. पण होई ती शेंड्यापासून मुळापर्यंत. काहाल यांनी ही रीत १८८७ मध्ये माद्रिदला पाहिली. त्यांनी रंगवण्याची क्रिया दोनदा केली आणि, येथेच खरी चतुराई, प्रौढ मेंदूचे दाट रान सोडून भ्रूणांचे व पिलांचे कोवळे मेंदू निवडले. १८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूत त्यांना दिसले, की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. तंतू दुसऱ्या पेशीला भिडतो, पण तिच्यात मिसळत नाही.

स्पॅनिश वाचतो कोण? काहाल यांनी पदरमोड करून स्वतःचे नियतकालिक काढले आणि १८८९ मध्ये काचपट्ट्या घेऊन बर्लिन गाठले. तेथे वयोवृद्ध केलिकर यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि ते त्यांचे पाठीराखे झाले. १८९४ मध्ये लंडनच्या व्याख्यानात काहाल यांनी तर्क मांडला, की बौद्धिक सरावाने पेशींच्या शाखा व त्यांचे संबंध वाढत असावेत. या संधिस्थानाला सिनॅप्स हे नाव शेरिंग्टन यांच्या लेखनातून १८९७ मध्ये मिळाले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक गोल्जी व काहाल यांना विभागून मिळाले. ज्याच्या रीतीने सत्य उजेडात आले, त्या गोल्जींनी स्टॉकहोमच्या भाषणातही काहालप्रणीत सिद्धांत नाकारला. काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये निवर्तले. दोन पेशींमधली सुमारे २० नॅनोमीटरची फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, ती त्यानंतर वीसेक वर्षांनी.