वालचंदांचा ट्रक

पहाटेच्या अंधारात दादरच्या फुलबाजारापाशी पिकअप गाड्या येऊन थांबतात. फाळके उघडतात आणि झेंडू-शेवंतीच्या गोण्या भराभर खाली उतरतात. अशी नवी गाडी घ्यायची म्हटली, तर आज मालकाला फार यातायात करावी लागत नाही. केबिन आणि हौदा यांसह तयार गाडी शोरूममध्ये उभी असते, कर्जाची सोय होते. आणि पुढे कधी पाटा तुटला किंवा क्लचप्लेट गेली, तर ती बहुधा त्याच दिवशी बाजारात मिळते. सुटा भाग त्याच दिवशी मिळणे ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे, की त्यामागे कधीकाळी एक मोठा झगडा झाला होता, याचेच विस्मरण झाले आहे. त्या झगड्यातील एक प्रमुख नाव म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकातील मुंबई डोळ्यांसमोर आणली, म्हणजे या झगड्याचे कारण कळते. कॉटन ग्रीनच्या गोदामांतून परळ-लालबागच्या गिरण्यांकडे जाणाऱ्या कापसाच्या गासड्या अजून बैलगाड्यांवर आणि हातगाड्यांवर लादल्या जात होत्या. पण त्यांच्या जोडीला मोटार ट्रकही रस्त्यावर दिसू लागला होता. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९२८ मध्ये लालबागला लागूनच असलेल्या शिवडीत जोडणीचा कारखाना उघडला. पाठोपाठ फोर्डनेही मुंबईत जोडणी सुरू केली. सातासमुद्रापलीकडून लाकडी खोक्यांत भरून आलेले भाग बंदरावर उतरत आणि कारखान्यात नट-बोल्टांनी एकमेकांना जोडले जात.

ट्रक विकत घेणाऱ्याच्या हाती पडत असे ती बहुधा नुसती चॅसिस. म्हणजे चाकांवर उभा पोलादी सांगाडा, इंजिन, स्टिअरिंग आणि बॉनेट. ड्रायव्हरची केबिन आणि मालाचा हौदा बांधून घेणे हे मालकाचे काम. मग सुतार आणि लोहार यांची गाठ घालून दिली जाई. लाकडाच्या फळ्या, त्यांवर लोखंडी पट्ट्या, मागे बिजागऱ्यांवर पडणारा फाळका आणि शेवटी रंगाऱ्याचा हात, अशा क्रमाने ट्रक सजून रस्त्यावर येई. त्यातले लाकूडकाम मुंबईच्या कारागिराचे असे; पण ज्याच्या बळावर ट्रक धावे, तो प्रत्येक भाग परदेशी होता. गिअर मोडला किंवा क्रँकशाफ्टला तडा गेला आणि तो भाग आयातदाराच्या गोदामात नसला, की बोट येईपर्यंत गाडी उभी. गाडी उभी राहिली तरी ड्रायव्हरचा पगार आणि सावकाराचे व्याज थांबत नसे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. मूळचे गुजरातचे हे जैन घराणे व्यापारानिमित्त महाराष्ट्रात स्थिरावले होते. वडील हिराचंद नेमचंद यांची सावकारी आणि कापसाची पेढी होती. वालचंदांचे शिक्षण सोलापूर, मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे झाले. पण पदवी घेण्यापूर्वीच ते घरच्या धंद्यात शिरले. पेढीवर बसून व्याज मोजण्यात मात्र त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागी केली आणि १९०३ मध्ये बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट मिळवले. येथून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

पुढची वर्षे दगड, माती, सुरुंग आणि यंत्रे यांच्या सहवासात गेली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरवणारी तानसाची जलवाहिनी अशी अवघड कामे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. कंत्राटदाराचा सारा हिशेब मुदतीवर चालतो. घाटात खडी वाहणारे वाहन बंद पडले, तर शेकडो मजुरांचा दिवस वाया जातो. यंत्र विकत घेणे एक वेळ सोपे. ते चालते ठेवणे हीच खरी परीक्षा, हा धडा या धंद्यात रोज गिरवावा लागतो. वालचंदांनी तो वीस वर्षे गिरवला होता.

परदेशी वाहनाने धंदा करणे म्हणजे काय, याचा दुसरा अनुभव त्यांना समुद्रावर आला. पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडे असलेली ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकाऊ होती. युद्धकाळात रुग्णनौका म्हणून वापरलेली ही मूळची कॅनडियन पॅसिफिक कंपनीची बोट. नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह वालचंदांनी ती घेतली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही सुरुवात. आज हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बोट मात्र जुनी होती. चार वर्षांतच, १९२३ मध्ये, ती भंगारात निघाली. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून चालवलेल्या स्पर्धेला तोंड देत सिंदिया टिकली. पण जहाजे बांधून घेण्यासाठी परदेशाकडेच पाहावे लागत होते. आपल्या देशात जहाज, मोटार आणि विमान तयार झाले पाहिजे, हा ध्यास वालचंदांनी पुढे आयुष्यभर बाळगला, त्याची मुळे या अनुभवांत आहेत.

मोटारींच्या कारखान्याची रीतसर योजना मांडली ती सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून आल्यावर त्यांनी मुंबईत मोटारी आणि ट्रक बनवण्याचा आराखडा तयार केला आणि वालचंद तिच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ मध्ये सत्तेवर आलेल्या बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनेही योजनेला सहानुभूती दाखवली. परंतु जकात, परकीय चलन आणि लष्करी खरेदी या साऱ्या चाव्या दिल्लीच्या हाती होत्या, आणि दिल्लीतील ब्रिटिश सरकारला या कारखान्यात रस नव्हता.

तरीही वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत. क्रायस्लर कंपनीशी मात्र १९४० मध्ये करार झाला. तंत्रज्ञान क्रायस्लरचे आणि मालकी भारतीयांची, असे त्याचे स्वरूप होते. याच प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकी विमान उद्योजकाशी त्यांची गाठ पडली आणि त्या ओळखीतून १९४० च्या डिसेंबरात बंगळुरात, म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने, हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी निघाली. पुढच्याच वर्षी, जून १९४१ मध्ये, विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. विमान आणि जहाज यांचा आरंभ झाला. मोटारीचे घोडे तेवढे अडले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. सैन्याला हजारो ट्रक हवे होते. अशा वेळी देशातच ट्रक बनवण्याच्या योजनेला चालना मिळायला हवी होती. पण हा उद्योग युद्धकार्याला आवश्यक आहे, हेच सरकारने मान्य केले नाही. यंत्रे आणण्यासाठी परकीय चलन आणि जहाजांवरील जागा मिळेना. सामान्य ट्रकमालकाचीही या काळात परवड झाली. पेट्रोलवर नियंत्रण आले, टायर दुर्मिळ झाले. अनेकांनी गाडीच्या मागे कोळशाच्या वायूची टाकी बसवून घेतली. सकाळी भट्टी पेटवायची, वायू तयार होण्याची वाट पाहायची आणि मग निघायचे. शक्ती कमी, काजळी फार आणि इंजिनाची झीज त्याहून अधिक. परावलंबनाचे एवढे रोकडे दर्शन मुंबईच्या रस्त्यांनी क्वचितच पाहिले असेल.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. बॅलार्ड इस्टेटमधील कन्स्ट्रक्शन हाऊस हे वालचंद उद्योगसमूहाचे केंद्र. कारखान्यासाठी जागा निवडली गेली ती कुर्ल्याची. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो ही मोटारींची नावे मुंबईकरांच्या तोंडी रुळली, तर ट्रकांत डॉज आणि फार्गो. ही दोन्ही क्रायस्लरचीच भावंडे. बिल्ला वेगळा, आतील घडण जवळपास तीच. सहा सिलिंडरचे, साध्या रचनेचे त्यांचे पेट्रोल इंजिन मिस्त्रीला लवकर उमगे. चाळीतल्या गॅरेजमध्ये, चार पाने आणि एक जॅक एवढ्या सामग्रीवर ते उघडता येई. तेल वेळेवर बदलले, पाट्यांना ग्रीस दिले, रेडिएटरच्या पाण्याकडे लक्ष ठेवले, तर गाडी वर्षानुवर्षे साथ देत असे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आरंभी कुर्ल्यातही जोडणीच होत होती. शिवडीच्या आणि कुर्ल्याच्या कारखान्यांत पहिल्या दिवशी फरक होता तो हेतूचा. कुर्ल्याला आज ना उद्या प्रत्येक भाग इथेच घडवायचा होता. ते काम हळूहळू, एकेक भाग करत पुढे सरकले. परदेशी कंपनीचा बिल्ला लावलेली गाडी स्वदेशी कशी, असा आक्षेप वालचंदांच्या टीकाकारांनी घेतला. एकाच वेळी साखर, जहाज, विमान आणि मोटार अशा अनेक आघाड्या उघडून त्यांनी स्वतःची शक्ती विखुरली, असेही म्हटले गेले. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. मात्र त्यांनी घातलेल्या पायावर इतरांनी इमारत चढवली, हेही तितकेच खरे.

सुट्या भागांचा प्रश्न किती बिकट होता, याची साक्ष एस.टी.च्या इतिहासात मिळते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली ती बेडफर्ड. त्या सुरुवातीच्या काळात ताफ्यात शेवरलेट, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या. दहा कंपन्या म्हणजे दहा प्रकारचे पिस्टन, दहा प्रकारचे ब्रेक आणि त्यांचा साठा ठेवणारी दहा कपाटे. त्यातले एखादे कपाट रिकामे झाले, की कुठल्यातरी गावचे प्रवासी थांब्यावर ताटकळत बसणार. देशात बनणाऱ्या, एकसारख्या गाड्यांची निकड याहून वेगळ्या शब्दांत सांगायला नको.

वालचंदांना या कार्याची पुढची वाटचाल पाहता आली नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. आयुष्यभर बोटी, आगगाड्या आणि विमाने यांतून अखंड फिरणाऱ्या या माणसाची अखेरची वर्षे एका जागी, पत्नी कस्तुरबाई यांच्या शुश्रूषेत गेली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने आपला निर्णय दिला. गाडी इथे घडवण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी आहे, त्यांनीच या देशात राहावे. नुसती जोडणी करणाऱ्यांना येथे जागा नाही. शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला आणि फोर्डनेही काढता पाय घेतला. वालचंदांनी पंधरा-वीस वर्षे ज्यासाठी सरकारदरबारी उंबरठे झिजवले, तेच धोरण त्यांच्या पश्चात काही महिन्यांत देशाचे धोरण बनले.

नियतीचा पुढचा डाव मात्र वेगळा होता. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक बनवायला घेतले. कमी खर्चात धावणाऱ्या डिझेलपुढे पेट्रोलवर चालणारे फार्गो आणि डॉज मागे पडत गेले. प्रीमियरचे नाव मुंबईत टिकले ते ट्रकमुळे नव्हे, तर फियाटच्या सहकार्याने बनवलेल्या छोट्या मोटारीमुळे. पुढे ‘पद्मिनी’ नावाने ओळखल्या गेलेल्या या मोटारीने काळी-पिवळी टॅक्सी होऊन गिरगावपासून दादरपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांची ने-आण केली. ताडदेवच्या आरटीओत नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. कुर्ल्याचा कारखाना त्याआधीच इतिहासजमा झाला होता. त्या परिसरातील रस्त्याला प्रीमियरचे नाव तेवढे उरले आहे.

वालचंदांचा ट्रक रस्त्यावरून केव्हाच नाहीसा झाला. पण फुलबाजारात माल उतरवून पिकअपवाला दुपारी गॅरेजमध्ये शिरतो, मिस्त्री पोऱ्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवतो आणि हवा तो भाग घेऊन पोऱ्या परत येतो. बोटीची वाट कोणी पाहत नाही. बॅलार्ड इस्टेटमधील त्या हट्टी माणसाला एवढेच साधायचे होते.