कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर

ज्या समाजाच्या कित्येक पिढ्यांचे आयुष्य मागावर गेले, त्या समाजाला यंत्र म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. भवानी पेठेतील आपल्या घराघरांतून प्रथम हातमागाचा आणि पुढे यंत्रमागाचा आवाज ऐकतच मुले लहानाची मोठी झाली. म्हणूनच प्रस्तुत स्मरणिकेत एका अशा पुरुषाचे चरित्र समाजबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत, की जो आपल्या समाजात जन्मला नव्हता व सोलापूरचाही नव्हता. तथापि त्याच्या कर्तृत्वाचे मर्म आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना इतरांहून लवकर उमगेल. हा पुरुष म्हणजे कोल्हापूरचे कै. बाबूराव पेंटर होत. परदेशी यंत्राची वाट न पाहता या देशातच चित्रपटाचा कॅमेरा तयार करून त्यावर चित्रपट काढणारे ते आद्य पुरुष होत.

बाबूरावांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा जन्म दिनांक ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील कृष्णराव हे हाताचे कसबी कारागीर असून लाकूड आणि लोखंड या दोहोंवर त्यांचा सारखाच हात चाले. घरात हत्यारे होती, आणि ती हाताळण्यास मुलास मज्जाव नव्हता. चित्रकलेचे अथवा शिल्पकलेचे रीतसर शिक्षण बाबूरावांस मिळाले नाही. जे मिळाले ते डोळ्यांनी टिपलेले व हाताने गिरवलेले. 'पेंटर' हे नाव त्यांना धंद्याने दिले आणि तेच पुढे कायम झाले.

त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे या साधनेतील त्यांचे सोबती. त्या काळी संगीत नाटकांचा महाराष्ट्रात मोठा बोलबाला होता. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट, असे पडदे रंगविण्याच्या कामी या बंधुद्वयाचा लौकिक इतका वाढला की, १९१० पासून पुढे पाच-सहा वर्षे मराठी नाटक मंडळ्यांप्रमाणेच पारशी-गुजराती रंगभूमीवरही त्यांचे पडदे लागत असत.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस झळकला आणि या दोघांच्या मनाने वेगळीच ओढ घेतली. रंगविलेला पडदा कितीही हुबेहूब असला तरी तो हलत नाही. येथे तर पडद्यावरील माणसे चालू लागली होती. फाळके यांनी आपला कॅमेरा विलायतेहून आणला होता. पेंटर बंधूंजवळ तेवढे द्रव्य नव्हते. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रे दाखविण्याचे एक यंत्र मिळविले, काही काळ चित्रपटांचे खेळ करून पाहिले आणि त्या यंत्राच्या अंतरंगाचा अभ्यास आरंभिला. चित्र दाखविणाऱ्या यंत्राची रचना नीट समजली, तर चित्र घेणारे यंत्रही करता येईल, असा त्यांचा तर्क होता.

हा तर्क बरोबर का होता, हे आपल्या विणकर बंधूंना मागाच्या दाखल्याने सहज सांगता येईल. मागावर उभे धागे उघडतात, त्यांतून धोटा आरपार जातो, फणी आडवा धागा ठोकून बसविते, आणि मग तयार कापड किंचित पुढे सरकून रुळावर गुंडाळले जाते. कापड अखंड धावत राहिले तर वीण बसणार नाही. प्रत्येक धाग्यापुरते त्याला थांबावेच लागते. कॅमेऱ्यातही हेच घडते. दोन्ही कडांस भोके पाडलेली फिल्मची पट्टी एक आकडा एका चौकटीपुरती खाली ओढतो व सोडून देतो. पट्टी स्थिर झाली की पुढची फिरती झडप उघडते, प्रकाश आत शिरतो, चित्र उमटते. झडप मिटते आणि आकडा पुन्हा पट्टी ओढतो. मूकपटांच्या काळात हे काम दर सेकंदास सुमारे १६ वेळा होत असे, आणि तेही हाताने दांडा फिरवून! आकड्याचा दात केसभर चुकला तर चित्र थरथरते. झडपेची वेळ चुकली तर ते फाटल्यासारखे दिसते. पेटीस कोठे सूक्ष्म फट राहिली तर सारी पट्टी काळवंडते. असे यंत्र, ना नकाशा ना गुरू अशा अवस्थेत, कोल्हापुरातील साध्या हत्यारांनी घडवावयाचे होते.

या खटपटीत असतानाच १९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले. सोबती गेला, आणि यंत्र तर अर्धवट राहिलेले. परंतु बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या बुद्धिमान शिष्याच्या साह्याने १९१८ साली त्यांनी कॅमेरा पुरा केला. याच सुमारास कोल्हापुरात 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली. भांडवलाच्या कामी गायिका तानीबाई कागलकर यांचे साह्य झाले, आणि राजर्षी शाहू महाराजांचा आश्रयही लाभला. गवयाप्रमाणेच मल्ल आणि चित्रकार यांनाही आपले मानणारा राजा त्या नगरीस लाभला होता, हे त्या नगरीचे भाग्यच म्हटले पाहिजे.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री'. फाळके यांच्या तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती. बाबूरावांनी मात्र स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्या असा आग्रह धरला. गुलाबबाई आणि अनुसूयाबाई या दोघी पुढे आल्या. पडद्यावर त्या कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी प्रसिद्ध झाल्या. परंतु सिनेमात काम केले एवढ्याच कारणास्तव त्यांच्या स्वतःच्या लोकांनी त्यांना दूर लोटले. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. ज्या दोन स्त्रियांच्या धैर्यावर तो चित्रपट उभा राहिला, त्यांना शिक्षा करणारे हात कोणा परक्याचे नव्हते.

१९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात 'सैरंध्री' प्रदर्शित झाला. बाळासाहेब यादव यांचा भीम आणि झुंझारराव पवार यांचा कीचक यांचे द्वंद्व इतके प्रत्ययकारी उतरले होते की, कीचकवधाच्या दृश्यावर पुढे सरकारी कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य निवर्तले.

बाबूराव मुळात पडदे रंगविणारे. पण चित्रपटात त्यांनी रंगविलेल्या पडद्यालाच रजा दिली. खोली दाखवावयाची तर तिला खरी जाडी असलेल्या भिंती हव्यात, खांब हवेत, माणसास वावरता येईल अशी जागा हवी, असा त्यांचा कटाक्ष असे. चित्रीकरणापूर्वी पात्रांची वेशभूषा, उभे राहण्याची ढब, हालचाली यांची रेखाचित्रे ते स्वतः काढीत. १९२३ च्या 'सिंहगड' चित्रपटासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. तोपर्यंत आपल्याकडे चित्रीकरण सूर्यावर अवलंबून असे. ढग आला की काम थांबे. चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका छापण्याची आणि भित्तिपत्रके काढण्याची प्रथाही आपल्याकडे त्यांनीच रुजविली. 'कल्याण खजिना' या १९२४ च्या चित्रपटास लंडनजवळील वेम्बले प्रदर्शनात पदक मिळाले.

तथापि आम्हांस विचाराल तर त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे १९२५ सालचा 'सावकारी पाश'. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकार कागदाच्या जोरावर एका शेतकऱ्याची जमीन गिळंकृत करतो आणि तो तरुण शेतकरी मुंबईस जाऊन गिरणीत मजूर होतो, एवढेच कथानक. देव नाहीत, चमत्कार नाहीत, तलवारी नाहीत. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. अंधाऱ्या रात्री झोपडीपुढे कुत्रे रडत असल्याचे त्यातील दृश्य जाणकारांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले. आपल्या सोलापुरास ही कथा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून पुढे एकेक गिरणी उभी राहत गेली, तेव्हा दुष्काळाने आणि कर्जाने उठविलेली किती कुटुंबे येथे आली याला गणती नाही. त्या गिरण्या आज राहिल्या नाहीत, त्या कुटुंबांचे वंशज मात्र येथेच आहेत. परंतु पुराणकथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी 'सावकारी पाश'कडे पाठ फिरविली. बाबूरावांना पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक विषयांकडे वळावे लागले. लोकांस आपलेच दुःख पाहण्यासाठी तिकीट काढावेसे वाटले नाही. याचा दोष त्यांना तरी कसा द्यावा?

त्यांचा कलागृहातील कारभार एखाद्या जुन्या कारखान्यासारखा होता. येथे कोणी केवळ नट अथवा केवळ चित्रकार नसे. दामले यंत्र जाणत आणि नेपथ्यही करीत. फत्तेलाल चित्रकार होते व कॅमेराही चालवीत. शांताराम यांनी उमेदवारीत पडेल ते काम केले. पण उत्तम कारागीर उत्तम व्यवहारी असतोच असे नाही. बाबूराव मनासारखे होईपर्यंत काम हातावेगळे करीत नसत आणि भांडवल घालणाऱ्यांस तो विलंब परवडत नसे. अखेर १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे चौघे बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भागीदारीने १ जून रोजी त्यांनी 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापिली. गुरूच्या हातून सारी विद्या घेतलेले हे चार हात एकदम गेले. पुढे भांडवलदारांशी बिनसून बाबूरावही कंपनीतून दूर झाले व बोलपटांच्या आगमनासमवेत ती मिटली. शिष्यांना कृतघ्न म्हणणारे आहेत, गुरूला हट्टी म्हणणारेही आहेत. घरचा माग सोडून मुलगा स्वतःचा कारखाना काढतो तेव्हा बापाच्या मनाची जी स्थिती होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांनी या बाबतीत निवाडा करण्याची घाई करू नये.

'प्रभात' १९३३ मध्ये पुण्यास गेली आणि तिच्या 'संत तुकाराम'ने १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळविला. त्याच आवारात १९६० साली शासनाची फिल्म संस्था आली व १९७४ मध्ये दिल्लीचे दूरचित्रवाणी प्रशिक्षण केंद्रही तेथे हलविण्यात आले. दूरदर्शनच्या कलागृहांत कॅमेऱ्यामागे उभे राहणारे कित्येक तंत्रज्ञ त्या जागेत शिकून गेले.

बाबूरावांनी पुढे 'उषा', 'प्रतिभा', 'रुक्मिणी स्वयंवर' असे बोलपट काढले. १९३६ मध्ये 'सावकारी पाश'ही पुन्हा, या वेळी बोलका, केला. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' चित्रपटाच्या दिग्दर्शनात ते शांतारामांसमवेत होते. रामजोशी तर आपल्या सोलापूरचेच. कीर्तनाच्या घरात जन्मून तमाशाच्या फडावर गेलेले. विभक्त झालेले गुरुशिष्य अठरा वर्षांनी एका सोलापूरकराच्या चरित्रासाठी एकत्र यावे, हा योग सोलापूरकरांना विशेष आनंद देणारा आहे. १९५२ मध्ये त्यांचा 'विश्वामित्र' हा चित्रपट आला. चित्रे आणि शिल्पे ही जन्मसाधना त्यांनी कधीच सोडली नव्हती. दिनांक १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले आहेत. 'सैरंध्री' गेला, 'सिंहगड' गेला, मूळचा 'सावकारी पाश'ही गेला. १९२७ सालच्या 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' यांच्या प्रती तेवढ्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन करण्यात आल्या आहेत.