लोकनायक टेकुम्से

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम आमच्याकडे आले तेव्हा आम्ही जो पुरुष निवडला तो आपल्या ज्ञातीचा नव्हे आणि आपल्या देशाचाही नव्हे. उत्तर अमेरिकेतील शॉनी जमातीचा सेनानी टेकुम्से याच्याविषयी आम्ही लिहीत आहो. दुबळ्याने आपल्या लढ्यात परक्याच्या मदतीवर किती विसंबावे, हा प्रश्न त्याच्या चरित्रात जितका स्पष्ट उभा राहतो तितका क्वचितच अन्यत्र आढळतो. वाचकांनी हा अतिक्रम गोड मानून घ्यावा.

टेकुम्सेचा जन्म १७६८ च्या सुमारास, आज ओहायो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात झाला. तो सहा वर्षांचा असता, १७७४ साली, व्हर्जिनियाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांशी लढताना त्याचा पिता धारातीर्थी पडला. पुढे वसाहतींनी इंग्लंडचे जोखड झुगारून दिले. या युद्धात मूळ रहिवाशांच्या अनेक जमाती इंग्रजांच्या बाजूने लढल्या होत्या. परंतु १७८३ च्या तहात इंग्रजांनी त्यांचा साधा उल्लेखही न करता त्यांची भूमी अमेरिकनांच्या पदरात टाकली. मित्राच्या भरवशाचा हा पहिला अनुभव होय.

दुसरा अनुभव याहून कटू होता. तहानंतरही उत्तरेकडील काही किल्ले इंग्रजांनी सोडले नव्हते. १७९४ साली त्यांनी मॉमी नदीकाठी एक नवा किल्ला बांधला, आणि प्रसंग आला तर इंग्रज आपल्यासाठी लढतील अशी आशा जमातींच्या मनात रुजली. २० ऑगस्ट १७९४ रोजी जवळच्याच फॉलन टिंबर्स या ठिकाणी अमेरिकन सेनापती वेन याने त्यांचा पराभव केला. मागे हटणारे योद्धे आश्रयासाठी त्या किल्ल्यापाशी आले, तो दरवाजे बंद! अमेरिकेशी युद्ध ओढवू नये म्हणून इंग्रज किल्लेदाराने ते उघडलेच नाहीत. त्या दिवशी टेकुम्सेचा एक भाऊ रणांगणावर पडला. पुढील वर्षी अनेक जमातप्रमुखांनी ग्रीनव्हिल येथे तह करून ओहायोचा बहुतांश प्रदेश लिहून दिला. टेकुम्से तेथे गेला नाही.

मग त्याने स्वतःच्या लोकांची एकी बांधण्याचे कार्य आरंभिले. भूमी सर्व जमातींची सामाईक आहे, ती विकण्याचा अधिकार कोणा एका जमातीस नाही, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होते. त्याचा बंधू टेन्सक्वाटावा याने १८०५ पासून धर्मजागृती करून लोकांस मद्यापासून परावृत्त केले होते. उभय बंधूंनी १८०८ साली टिपिकनू व वॉबॅश या नद्यांच्या संगमानजीक एक गाव वसविले व तेथे निरनिराळ्या जमातींचे लोक एकत्र नांदू लागले. तथापि १८०९ साली गव्हर्नर हॅरिसन याने काही प्रमुखांकडून सुमारे ३० लक्ष एकर भूमी लिहून घेतलीच. टेकुम्सेने १८१० साली त्याला समक्ष भेटून विरोध केला. १८११ साली दक्षिणेकडे दूरवर प्रवास करून तेथील जमातींस एकीचे आवाहन केले. त्यांपैकी बहुतेकांनी ते मानले नाही. तो दक्षिणेत असतानाच हॅरिसनने त्याच्या गावावर चाल केली. ७ नोव्हेंबर १८११ रोजी लढाई झाली व पाठोपाठ ते गाव जाळण्यात आले.

१८१२ साली अमेरिका व इंग्लंड यांत युद्ध पेटले आणि टेकुम्से इंग्रजांस जाऊन मिळाला. ज्याने १७९४ चा बंद दरवाजा पाहिला त्याने पुन्हा त्यांच्यावर विश्वास का ठेवावा? आमच्या मते त्याला भोळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. बंदुका व दारूगोळा यांसाठी त्याला दुसरे दार नव्हते, आणि कॅनडाच्या रक्षणासाठी इंग्रजांनाही त्याची गरज होती. मनात शंका ठेवूनच त्याने हात पुढे केला. आरंभी त्याचे चीजही झाले. इंग्रज सेनापती ब्रॉक हा धडाडीचा होता. दोघांच्या मिळून केलेल्या हालचालींमुळे १६ ऑगस्ट १८१२ रोजी डेट्रॉइटचा किल्ला शरण आला. परंतु दोनच महिन्यांत ब्रॉक दुसऱ्या एका लढाईत मारला गेला व टेकुम्सेची गाठ सेनापती प्रॉक्टरशी पडली.

१० सप्टेंबर १८१३ रोजी ईरी सरोवरावर इंग्रजांचे आरमार समूळ अमेरिकनांच्या हाती गेले. प्रॉक्टरने ही वार्ता टेकुम्सेपासून लपवून ठेवली. माघारीची आवराआवर दिसू लागली, तरी खरे कारण कोणी सांगेना. शेवटी भर सभेत टेकुम्सेने प्रॉक्टरच्या भित्रेपणाचा उघड निषेध केला आणि तुम्हांस जावयाचेच असेल तर शस्त्रे आम्हांस देऊन जा, अशी मागणी केली. वाटेत एके ठिकाणी ठाम उभे राहू, असे वचन प्रॉक्टरने दिले. परंतु तेथे पोहोचल्यावर पाहतात तो कसलीच तयारी नाही. तेव्हा अनेक टोळ्या खिन्न मनाने परत फिरल्या. ५ ऑक्टोबर १८१३ रोजी थेम्स नदीकाठी लढाई झाली. इंग्रजांची फळी काही मिनिटांत फुटली, प्रॉक्टर निसटला. टेकुम्से मात्र जागचा हलला नाही व लढता लढता पडला.

१८१४ च्या तहात जमातींचे पूर्वीचे हक्क परत देण्याचे कलम होते. ते कागदावरच राहिले. १८३० साली मूळ रहिवाशांस मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा अमेरिकेने केला.

या चरित्रावरून परक्यावर कधीच विश्वासू नये, असा धडा कोणी काढील. आम्ही तो काढीत नाही. स्वतःची एकी हेच मूळ भांडवल, हे टेकुम्से जाणून होता. ते अपुरे पडले म्हणूनच मदतीची वाट पाहण्याची पाळी आली. पण त्याचा घात केवळ मदत अपुरी पडल्याने झाला नाही. ती येणार नाही हे त्याला वेळेवर सांगितले गेले नाही, याने झाला. सत्य कळते, तर त्याने आपला मार्ग आपण ठरविला असता.

हे लिहिताना आम्हांस आमचीच एक चूक आठवते. एका हुशार विद्यार्थ्यास आम्ही फीची व्यवस्था करू असे सांगितले होते. ती होईना, आणि नाही म्हणण्याचा संकोच वाटून आम्ही पाहू, करू म्हणत राहिलो. तो वाट पाहत राहिला आणि अखेरीस त्याची शाळा सुटली. वेळीच नकार दिला असता तर त्याने दुसरे दार ठोठावले असते. आपल्या ज्ञातीत आज अनेक बंधू देण्याच्या स्थितीत आहेत व अनेक वाट पाहत आहेत. देणाऱ्यांनी जमेल तेवढेच वचन द्यावे आणि जमत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, इतकी विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.